हात लावावा

चौदा नंबरच्या खोलीबाहेर
जिथे मोडक्या पायाचं बाकडं होतं
तिथे आता ती बसलीय.
ती म्हणजे काय, ते मला अजून सांगता येत नाही.
बसलेली म्हैस म्हणावी तर तोंड नाही,
बाई म्हणावी तर पाठ फार मोठी.

शिरपूरच्या प्रतीक्षा अत्तरदे टेम्पोतून घेऊन आल्या.
चौघांनी उतरवली, पाचवा मी.
कडुनिंबाचं खोड,
त्यात बसवलेला लळिंगच्या पायथ्याचा काळा दगड,
कुशीत सरकी न काढलेला कापूस, वरून गोधडी,
आणि मागे केळीच्या सोपटांचा दोर,
नुकत्या न्हालेल्या वेणीसारखा जड.

साहेब म्हणाले, धुडकू, पाटी लाव.
स्टोअरमध्ये एकच पाटी निघाली: हात लावू नये.
अत्तरदेबाई हसल्या.
मी अर्धी पाटी खरवडून पुन्हा रंगवली.
'लावावा' जरा तिरकं आलंय.

आठ दिवस कुणी शिवलं नाही.
सरकारी वस्तूला हात लावायची सवय नसते माणसांना.
केसपेपर धरून बसायची,
घामाने शाई उतरेपर्यंत.

मग साक्रीकडची एक बाई आली,
दिराबरोबर, तीन महिने मुकी.
तिचा अंगठा गोधडीवरून चालू लागला,
टाका, टाका, टाका,
एक सुटलेला. तिथे थांबला.
तिने दोरा आत खोचला आणि म्हणाली,
"हाई गोधडी कोनी शिवी व?"
दीर मोबाइल धरून नुसता बघत राहिला.

नंतर एक पोलीस, साध्या कपड्यातला,
पण बूट तेच.
दगडावर पंजा ठेवून
समोरचं क्षयरोगाचं पोस्टर तीनदा वाचलं त्याने.
बाहेर चव्वेचाळीस, पांझरेत नुसती वाळू,
दगड मात्र सकाळच्या माठासारखा.

संध्याकाळी मी पुसतो तिला.
दगडाला ओला फडका, लाकडाला कोरडा,
गोधडी मंगळवारी उन्हात.
खांद्यापाशी लाकडाला तेल चढलंय,
तिथे लोक कपाळ टेकतात.
दोराचं टोक एका पोराने चघळलंय.
एका जागी नखांचे चार ओरखडे,
ते रोज पुसतो. जात नाहीत.

आधीची दोन गेली, म्हणून मला
धुडक्यात गुंडाळून दारात ठेवलं होतं म्हणे,
मग उचललं. नाव तेच राहिलं.
उचलल्याचं काही आठवत नाही.
आठवतं ते धरल्याचं.
एकोणीस वर्षं हे हात धरण्याच्या कामाला आहेत:
इंजेक्शनच्या वेळी मनगट, पळणाऱ्याचा दंड,
पट्टा आवळताना गुडघे.
धर म्हटलं की धरतो.
सोड म्हटल्यावरही बोटं मिनिटभर मिटलेलीच राहतात.
नातीने रस्त्यात बोट मागितलं
की मी पिशवीचा बंद पुढे करतो.

रात्रपाळीला फरशी पुसून झाली की
मी तिच्या पाठीमागे खाली बसतो.
तिथे खोडात एक खोलगट गाठ आहे,
उभ्या माणसाला दिसत नाही.
तीत मूठ ठेवतो.
ती धरत नाही.
मूठ उघडते कधी, ते कळत नाही,
टाकी भरून सांडायला लागते
तेव्हा बघतो तर तळवा लाकडाला लागलेला.

जूनच्या आधी प्रतीक्षाताई डागडुजीला आल्या.
डोळे मिटून सगळीवर हात फिरवला,
मागे वाकल्या, थांबल्या.
"इथे एवढं गुळगुळीत कसं? इथवर कोण पोचतं?"
असेल कुणी पेशंट, मी म्हणालो.

पॉलिश पेपर हातातच होता त्यांच्या.
तो घडी करून पिशवीत टाकला.
म्हणाल्या, त्याला सांगा,
दिवसा आलं तरी चालतं.

सांगतो, म्हणालो,
आणि रिकामीच बादली उचलली.